आधी झरोका, मग पंखा

गडचांदूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पावसाळा धरला की दिवस दिवस झडी लागते. टिनाच्या गोदामात माल ठेवणाऱ्याला तो या दोन्हींतून सुखरूप काढायचा असतो. आमच्या शेतकरी गटाचं गोदाम १०० फूट लांब, ५० फूट रुंद, सरासरी २० फूट उंच. सोयाबीन, तूर, हरभरा यांचे कट्टे भाव येईपर्यंत तिथेच. उकाडा असह्य झाला तेव्हा गटाने पश्चिमेच्या भिंतीत दोन एक्झॉस्ट पंखे बसवून घेतले. राजुरा, कोरपना, जिवती भागात अशी गोदामं बरीच आहेत, म्हणून पुढे काय झालं ते सांगतो.

कंत्राटदाराने पंखे शटरच्या अगदी वर बसवले, कारण मीटर तिथेच होतं आणि वायर कमी लागली. हवा आत यायला मार्ग तोच, शटरचा. पंख्याखाली उभं राहिलं की शर्ट फडफडायचा, पण पूर्वेच्या टोकाला थप्पी लावणारे हमाल घामाने निथळत. हवा शटरमधून शिरायची आणि तिथल्या तिथे वर चढून पंख्यातून निघून जायची. मागची हवा होती तशीच. रात्री शटर पाडलं की पंखे नुसते घरघरत, आणि बाहेर उघडणारा छोटा दरवाजा ढकलायला खांदा लावावा लागे. असा दरवाजा जड झाला की समजावं, हवा बाहेर ओढली जाते आहे पण आत यायला वाट नाही. भिंतीवरचे पात्याचे पंखे असा दाब सोसत नाहीत. त्यांची हवा लगेच निम्म्यावर येते.

तेव्हा आधी हिशेब मांडा. आमचं गोदाम १ लाख घनफुटांचं. तासाला ६ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला १० हजार घनफूट हवा निघायला हवी. २४ इंची पंखा मिनिटाला ५ हजार घनफूट ओढतो असं धरलं, तर असे दोन पुरतात. नेमका आकडा पंख्याच्या पाटीवर पाहून घ्यावा. आत येणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला ५०० फूट ठेवायचा तर २० चौरस फूट उघडी जागा लागते. जाळी आणि तिरप्या पट्ट्या हवा अडवतात, म्हणून ३० धरा. म्हणजे ३ बाय २ फुटांचे पाच झरोके. आमच्याकडे पंखे पुरेसे होते, झरोका एकही नव्हता.

नंतर पंखे पूर्वेच्या भिंतीत उंचावर नेले आणि झरोके पश्चिमेला खाली पाडले. पावसाळ्यात वारा इकडे बहुतेक पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. पंख्याचं तोंड वाऱ्याकडे असलं तर तो वाऱ्याशीच झगडत बसतो. झरोक्यांवर मात्र खोल छज्जा हवा, नाहीतर पावसाचा मारा थेट कट्ट्यांवर. जाळी दर आठवड्याला झाडायची. ट्रकांच्या रस्त्यालगतच्या गोदामात धुळीने ती लवकर बुजते. थप्पी भिंतीपासून अडीच फूट सोडून, लाकडी फळ्यांवर, मध्ये गल्ली ठेवून लावायची. झरोक्यासमोरच कट्टे रचले तर सगळं मुसळ केरात.

उन्हाळ्यातलं दुखणं घामावर निभावलं. खरं नुकसान झडीत झालं. ‘हवा खेळती राहू द्या’ म्हणून पंखे रात्रंदिवस चालू ठेवले गेले आणि बाहेरची ओली हवा सतत आत येत राहिली. सोयाबीन हवेतला ओलावा ओढून घेतं. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आत असेल तर ते साधारण १२ टक्क्यांच्या आत राहतं. ८५ च्या वर दिवसच्या दिवस राहिली की बुरशी धरते. शटरजवळच्या थप्पीचे बाहेरचे कट्टे हाताला दमट लागू लागले, वास आला, आणि विकताना ओलाव्यापायी भाव कापला गेला.

म्हणून आता एक तापमान-आर्द्रता दाखवणारं यंत्र आत थप्पीच्या उंचीवर आणि एक बाहेर सावलीत टांगलेलं आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंडही आणि कोरडीही असेल तरच पंखे चालू. उन्हाळ्यात तशी वेळ रात्री उशिरा ते पहाटे मिळते. झडीत पंखे बंद आणि झरोक्यांच्या झडपाही बंद. उघडीप मिळाली की आकडे पाहून चालू. एवढं करूनही पंखा आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड करू शकत नाही. टिन तापू नये म्हणून वर पांढरा परावर्तक रंग लागतोच.

आणखी एक घोटाळा लवकर लक्षात येत नाही. लाईनचं काम झालं की थ्री-फेज पंखा कधीकधी उलटा फिरतो, हवा आत ढकलतो. आवाज तोच, म्हणून कुणी पाहत नाही. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण रंगवून ठेवा. उलटा दिसला तर वायरमन दोन फेज अदलून देतो. मोटर पूर्ण बंदिस्त घ्या, विशेषतः कापूस ठेवत असाल तर. तंतू आणि ठिणगी एकत्र येऊ नयेत.

किडीसाठी फॉस्फिनची धुरी द्यायची असेल तर ती परवानाधारकाकडूनच. पंखे बंद करून त्यांची तोंडं आतून प्लास्टिकने सील करा, नाहीतर जीवघेणा वायू शेजारी जाईल. तो तांबंही खातो, म्हणजे मोटरचं वाइंडिंग गेलंच.

नवे पंखे बसवत असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी गोदाम भरू द्या, शटर पाडा आणि पंखे चालवा. पंख्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात थप्पीच्या मागे एक सुती दोरा लोंबता धरा. तो हलला तर पैसे द्या.