भाचीचा कॅल्क्युलेटर

दुसऱ्यांचा कोड तपासणं हे माझं गेल्या पंधरा वर्षांचं रोजचं काम. पण दिवाळीच्या सुट्टीत भाचीनं लॅपटॉप पुढ्यात सरकवला, "मामा, बघ ना, पायथॉनमध्ये कॅल्क्युलेटर केलाय," म्हणाली, आणि त्या तीस-पस्तीस ओळींनी माझीच शिकवणी घेतली. त्यातल्या निम्म्या ओळी तर स्वागताची चौकट आखण्यात गेल्या होत्या.

१. आधी चालवून बघावं. मी थेट कोड उघडला आणि सुटलो. नावं अशी नकोत, याचं फंक्शन कर, ही कॉमेंट कशाला. पाचव्या सूचनेनंतर तिचं "हं" बंद झालं. मी अजून एक बेरीजही करून पाहिली नव्हती. वाढलेल्या ताटातला घास न घेता फोडणीत काय कमी पडलं ते सांगत होतो.

२. चूक सांगण्यापेक्षा सापडू द्यावी. "२^३ कर," म्हटलं. उत्तर आलं १. "आठ हवे होते ना?" ती स्वतःच चक्रावली. पायथॉनमध्ये हे चिन्ह घाताचं नाही. ते दोन आकड्यांचे बिट ताडून जिथे फरक असेल तिथे १ मांडतं. कागदावर १० आणि ११ एकाखाली एक लिहिले, तेव्हा तिला ते पटलं. घातासाठी दोन चांदण्या, २**३. हे मी नुसतं सांगितलं असतं तर तासाभरात विसरली असती.

३. भीती घालू नये, दाखवावी. तिचं सगळं गणित एका 'इव्हॅल'वर चाललं होतं. टाइप केलेली ओळ जशीच्या तशी पायथॉनच्या हवाली. मी गणिताऐवजी फोल्डरातल्या फायलींची यादी मागणारी ओळ टाकली. कॅल्क्युलेटरनं इमानेइतबारे तिच्या असाइनमेंट आणि फोटोंची नावं छापली. तिनं लॅपटॉप झटकन स्वतःकडे ओढला. "म्हणजे डिलीटही करता येईल?" येईल. मग तिनंच आकडा, चिन्ह, आकडा असं वेगवेगळं विचारायचं ठरवलं.

४. 'एक्सेप्ट' मोकळं सोडू नये. तिनं सोडलं होतं, कुठली चूक पकडायची ते न सांगता. थांबवायला कंट्रोल-सी दाबावं तर "नीट आकडा टाका" म्हणून पुन्हा प्रश्न हजर. शेवटी खिडकीच बंद केली. तिथे 'व्हॅल्यूएरर' एवढाच शब्द हवा होता. शून्यानं भागण्याची सोय निराळी.

५. प्रत्येक विचित्र उत्तर नवशिक्याची चूक नसतं. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ आलं, तेव्हा ती खजील झाली. एक तृतीयांश जसा आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३ करत कधी संपत नाही, तसा एक दशांश बायनरीत संपत नाही. यंत्र कुठेतरी तोडतं. १९८५च्या आयईईई ७५४ मानकापासून बहुतेक यंत्रं एकाच ठरलेल्या रीतीनं तोडतात, एवढंच. दाखवताना राउंड कर. पैशांचा हिशेब असेल तर 'डेसिमल' वापर.

६. आपल्यालाही सगळं येत नाही. नवी आवृत्ती आजीपुढे ठेवली, तेव्हा कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. आजीनं १२ टाकले, तेही देवनागरीत. "हे चालणार नाही," मी ठामपणे सांगितलं. आधीच्या इव्हॅलनं खरंच तोंड फिरवलं असतं. पण आता आकडा 'फ्लोट'कडे जात होता, आणि कॅल्क्युलेटर काही तक्रार न करता पुढचं चिन्ह विचारू लागला. शोधलं तर कळलं, पायथॉनचे 'इंट' आणि 'फ्लोट' युनिकोडमधले कुठल्याही लिपीचे दशमान अंक वाचतात. पंधरा वर्षांत मला याचा पत्ता नव्हता.

आजीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिनं पुढच्या खेपेला एक लाख, तोही स्वल्पविरामांसकट, १,००,००० असा टाकला. "नीट आकडा टाका."

"नीटच टाकलाय की गं!"

"थांब आजी, त्याला स्वल्पविराम काढायला शिकवते," म्हणत भाचीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. मी काही सुचवायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच गप्प बसवलं.