प्रचारक पणजोबांचा माग कसा काढावा?

प्रश्न : माझे पणजोबा नगरकडे अमेरिकन मिशनचे पहिल्या पिढीतले प्रचारक होते, असं घरी सांगतात. कागद काहीच नाही. शोध कुठून सुरू करू?
– एक वाचक, राहनाळ (ता. भिवंडी)

उत्तर : सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून करा. मूळ गाव आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव आधी टिपून घ्या. बाप्तिस्म्यानंतर नाव किंवा आडनाव बदललेलं असू शकतं, त्यामुळे नुसत्या आडनावावर विसंबू नका.

मग दफनभूमीत जा. पुसट अक्षरं सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. शिळा खरवडू नका, तिला चुना किंवा आम्ल लावू नका. सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. शेजारच्या कबरीही वाचा, कारण नातलग बऱ्याचदा जवळजवळ पुरलेले असतात.

मृत्यूची तारीख मिळाली की चर्चच्या पाळकांना भेटून दफन, विवाह आणि बाप्तिस्मा या तिन्ही नोंदवह्या पाहू देण्याची विनंती करा. हे मिशन 1813मध्ये मुंबईत आणि 1831मध्ये नगरला सुरू झालं. त्याचे वार्षिक अहवाल आणि 1842पासूनचं त्याचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक जरूर चाळा. मिशनच्या मातृसंस्थेची कागदपत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत.

एक भेद लक्षात ठेवा. प्रचारक म्हणजे दीक्षित पाळक नव्हे, म्हणून पाळकांच्या यादीत नाव नसलं तरी खचू नका. गावोगाव पायी फिरलेल्या या माणसांची नोंद जपणं हे मोलाचं काम आहे. जे सापडेल त्याची एक प्रत चर्चलाही द्या.