घरची माणसे आणि मंडळी
शास्त्रपाठ : रूथ १ व २, १ तीमथ्य ५:३-१६



दिघ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या वस्त्यांत घरभेटीला गेले की मी विचारते, "घरी कोण कोण असतं?" उत्तर बहुधा नवरा, बायको आणि मुले एवढेच. एका खोलीत आजी मावत नाही. ती गावी असते. पण बोलणे वाढले की कळते, खोलीची अनामत मामाने दिली, एमआयडीसीतले काम चुलतभावाने लावले आणि गावाहून आलेला भाचा सहा महिने इथेच झोपत होता. नाती मोडलेली नाहीत, विखुरली आहेत.

याचे दुसरे टोक पाड्यावर दिसते. जव्हार-मोखाड्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. पूर्वी लावणीला शेजारीपाजारी सावडीने येत, बाळंतपणाला आत्या-मावशी धावत. आता तीही कामासाठी बाहेर असतात. मुलाने मोबाईलवरून पाठवलेले पैसे येतात. पण नातवाला ताप आला तर दवाखान्यात न्यायला आजीच्या सोबतीला कोणी नसते.

शास्त्र काय शिकवते?

१. नामीचे घरही दुष्काळामुळे परदेशी गेले होते. नवरा व दोन्ही मुले गमावून ती परतली, तेव्हा सून रूथ तिच्यासोबत राहिली. नात्यातल्या बवाजाने शेतात सरवा वेचू दिला आणि पुढे आप्ताचे कर्तव्य पूर्ण केले.

२. पौल विधवांच्या काळजीचा क्रम सांगतो. आधी मुले व नातवंडे, आणि जिला खरोखर कोणी नाही तिच्यासाठी मंडळी. आपल्या देशाच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यातही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांबरोबर सज्ञान नातवंडांवर ठेवली आहे.

यात मदत करणाऱ्यांसाठी एक इशारा आहे. आपण दर महिन्याला धान्य पोहोचवले आणि मुलाला कधी विचारलेच नाही, तर "मिशनवाले बघतात" असे तो समजू लागतो. आजीचे पोट भरते, पण तिचा मुलगा तिला दुरावतो. म्हणून धान्य देण्याआधी नातेवाइकांची विचारपूस करावी. मुलाला फोन लावून द्यावा, त्याच्या अडचणीही ऐकाव्यात. बऱ्याचदा तो उचल फेडण्यात अडकलेला असतो. आजी पात्र असेल तर श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांसाठी अर्ज भरून द्यावा. ज्यांना कोणीच नाही, त्यांचे आप्त मात्र आपणच व्हायचे.

चर्चेसाठी
- आपल्या मंडळीत एकटे राहणारे वृद्ध कोण? त्यांचे जवळचे नातलग कुठे आहेत?
- आपण स्वतः गावाकडच्या वडीलधाऱ्यांना शेवटचे कधी भेटलो?

प्रार्थना विषय : कामासाठी बाहेर गेलेली आदिवासी कुटुंबे, आणि मागे नातवंडे सांभाळणारे आजी-आजोबा.