ट्रकवरून आलेलं घर

न्यूझीलंडमध्ये जुनं लाकडी घर नको झालं तर ते पाडायलाच हवं असं नाही. करवतीनं त्याचे दोन-तीन भाग करतात, रात्री रस्ते मोकळे असताना ट्रकवरून नेतात आणि नव्या जागी खुंटांवर बसवतात. आम्हीही असंच घर आणलं. त्यात उमगलेलं हे काही.

1. घर आणण्यापेक्षा ते वस्तीत बसवणं अवघड. तारा कुठे उचलायच्या, कोणता पूल टाळायचा, हे वाहतूकवाल्यांना पाठ असतं. मला शिकावा लागला तो स्थानिक कौन्सिलचा आराखडा. कुंपणापासूनचं अंतर, उंची, शेजाऱ्याच्या अंगणात पडणारी सावली हे नियम नव्या घरालाही असतात, ते पटतात. पण कितीतरी आराखड्यांत आणलेल्या घरासाठी वेगळं कलम असायचं. घर तेच, ते चाकांवरून आलं म्हणून जास्तीची परवानगी.

2. यावर कुणीतरी आधीच भांडलं होतं, हे कळल्यावर धीर आला. अवजड वाहतूकदारांच्या हेवी हॉलेज असोसिएशननं सेंट्रल ओटागो जिल्हा कौन्सिलविरुद्ध दाद मागितली, आणि 2004 मध्ये पर्यावरण न्यायालयानं म्हटलं की जागेवर बांधलेल्या आणि बाहेरून आणलेल्या घराचा परिसरावर होणारा परिणाम खरं तर वेगळा नसतो. तपासणी अहवाल, पक्का पाया, ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती, एवढं पाळलं की पुरे. त्यानंतर अनेक ठिकाणचे नियम सैलावले.

3. शेजाऱ्यांची भीती खोटी नसते. त्यांना जुनं घर नको असतं असं नाही. अर्धवट घर नको असतं. कापलेल्या भिंतीवर ताडपत्री, खाली लाकडी ठोकळे, आणि मालकाचे पैसे संपलेले. असं घर वर्षानुवर्षं समोर उभं राहिलं तर कुणाला आवडेल? म्हणून बाहेरून घर नीटनेटकं करायला दिलेली सहा किंवा बारा महिन्यांची मुदत मला न्याय्य वाटते. काही कौन्सिलं अनामतही घेतात, तीही. बंदीपेक्षा मुदत केव्हाही बरी.

4. खरी भिंत कौन्सिलची नाहीच. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात जसं काहीतरी दडलेलं असतं, तसं इथे जमिनीच्या नोंदीवर करारातलं बंधन असतं. प्लॉट पाडणारा बिल्डर लिहून ठेवतो: वापरलेलं घर आणायचं नाही, अमुक चौरस मीटरपेक्षा लहान बांधायचं नाही. कौन्सिलचा आराखडा लोकांसमोर येतो, त्यावर हरकत घेता येते. या कराराला मात्र तुम्ही प्लॉट घेता तेव्हाच बांधले जाता; तो बदलायचा तर ज्यांना त्याचा लाभ आहे त्यांची संमती, नाहीतर कोर्ट. याचा मला मनापासून राग येतो. पायाखाली रिमू लाकडाच्या फळ्या असलेली, आणखी शंभर वर्षं टिकतील अशी घरं त्यामुळे नव्या वस्त्यांच्या वेशीवरच अडतात, आणि स्वस्तात घर करू पाहणारं तरुण जोडपं शहरापासून आणखी लांब ढकललं जातं. प्लॉट आवडला तरी आधी ही नोंद वकिलाकडून वाचून घ्यावी. घर नंतर शोधावं.

5. रस्त्याकडची बाजू आधी रंगवावी. आमचं स्वयंपाकघर बरेच दिवस उघड्या पाइपांचं होतं, पण पुढचा व्हरांडा पांढरा झाला त्याच आठवड्यात पलीकडच्या आजोबांनी आपण होऊन शिडी आणून दिली.