थंडी, लेखणी आणि शाई

वाकोल्यात राहणाऱ्याने थंडीवर लिहावे, हे पाहून कोणीही हसेल. आमच्याकडे जानेवारीतसुद्धा स्वेटर क्वचितच पेटीबाहेर येतो. तरी आमच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते निफाडच्या मामेभावाने. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावी थंडीच्या लाटेत तापमान चार-पाच अंशांवर येते. सकाळच्या परीक्षेत त्याचे बॉलपेन सुरुवातीला उमटेचना. शेवटचा प्रश्न राहिला आणि घरी बोलणी मात्र त्याला खावी लागली. दोष मुलाचा, की पेनाचा?

खात्री करून घेण्यासाठी मी एक बॉलपेन आणि अर्धे भरलेले एक शाईचे पेन रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. सकाळी बॉलपेनाच्या पहिल्या ओळी पुसट, तुटक आल्या. तळहातांत चोळल्यावर ते पूर्ववत चालू लागले. शाईच्या पेनाची तऱ्हा उलटी. ते लिहू लागले. पण हाताची ऊब लागताच निबेवरून एक थेंब टपकन वहीवर पडला!

याचे कारण दोन्ही पेनांच्या रचनेत आहे. बॉलपेनाची शाई तेलकट असून पाण्याच्या हजारो पट दाट असते. थंडीत तिचा दाटपणा, म्हणजेच श्यानता, आणखी वाढते. मग टोकाच्या इवल्या गोळीला शाई वेळेवर पुरत नाही. शाईच्या पेनातील शाई पाण्याची. तीही थंडीने थोडी दाट होते, पण वाहती राहते. तेथे खोडी करते ती रिकाम्या जागेतील हवा. पाच अंशांवरून तीस अंशांपर्यंत तापताना हवा सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. पेन जितके रिकामे, तितका हा धोका अधिक.

शून्याखाली तर पाण्याची शाई गोठूच लागते. पेन्सिलीतील ग्रॅफाइटला गोठण्याची भीती नाही. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांची अखेरची रोजनिशी पेन्सिलीनेच लिहिलेली आहे.

आपल्याला इतके दूर जायला नको. थंडीच्या दिवसांत बॉलपेन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. पेपर हाती येण्यापूर्वी कच्च्या कागदावर चार गोल गिरवावेत. शाईचे पेन पूर्ण भरलेले असावे आणि ऊब येईपर्यंत निब वर करून धरावे. पेन ज्योतीवर मात्र कधीही धरू नये, प्लॅस्टिक वितळते.

हे सारे मी मामेभावाला पत्राने कळवले आहे. पत्राची एक प्रत मामांनाही पाठवली, कारण बोलणी त्यांनीच दिली होती.