गारपिटीनंतरचा अंधार

गारपीट पंधरा-वीस मिनिटांत उरकते. तिच्यापायी गेलेली लाईट कधी येईल, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. 2014 साली फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या काही भागांत गारा आणि अवकाळी पाऊस थांबून थांबून येतच राहिला. परभणी जिल्ह्यात त्या वेळी हरभरा काढणीला आला होता, गहू ओंबीत पिवळा पडत होता, शाळू कापून वावरात पडला होता आणि हळद शिजवून वाळत घातली होती. कुठं कुठं वावरात गारांचा इतका जाड थर साचला की काळी माती दिसेना. पिकाच्या नुकसानीवर तेव्हा भरपूर लिहिलं गेलं, ते लिहायलाच हवं होतं. पण लाईट नसलेल्या त्या दिवसांत जिंतूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावांनी काय निभावलं, काय शिकलं, ते फारसं कुणी लिहिलं नाही. म्हणून हे लिहितो.

1. पहिली गार पडली की हातातलं काम सोडायचं. ताडपत्री टाकू, मोटर बंद करू, शेळी सोडवून आणू, अशा धावपळीतच माणसं डोक्यात गार बसून जखमी होतात. आखाडा, म्हणजे शेतातलं खोपट, जवळ असेल तर आत जा. नसेल तर बैलगाडीखाली बसा, डोक्यावर घमेलं किंवा घडी घातलेलं पोतं धरा. झाडाखाली जाऊ नका, कारण गारांचं आभाळ बहुतेक वेळा विजांचंही असतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं काढलेलं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना आधी देतं. घरातल्या एकाच्या तरी मोबाईलमध्ये ते असावं.

2. खाली पडलेली तार मेलेली आहे असं कधीच धरू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाऱ्यानं खांब वाकतो, तारा लोंबतात, एखादी तुटून बांधावर पडते. गावात अंधार असतो, म्हणून लोक म्हणतात, “लाईटच नाही, तारेत काय असणार?” पण गावठाणाचा फिडर वेगळा आणि शेतीचा वेगळा असू शकतो. तुमच्या घरात अंधार असताना तुमच्या वावरातल्या तारेत अकरा हजार व्होल्ट असू शकतात. ओल्या काळ्या रानात तर तारेजवळची जमीनही चालू असते. तिथं मोठी पावलं टाकत पळालं, तर एका पायातून दुसऱ्या पायात करंट जातो. पाय जुळवून, अगदी लहान पावलं टाकत मागं सरायचं. जनावर तारेला चिकटलं असेल तर सोडवायला जायचं नाही. बैल गेला तर कंबरडं मोडतं, हे मला कळतं. पण त्याच्या मागं घरचा माणूस गेला तर घर बुडतं.

दुसरी गोष्ट जनरेटरची. लाईट नाही म्हणून कुणी मंडपवाल्याचा जनरेटर आणतो आणि त्याची वायर सरळ घराच्या बोर्डात खुपसतो. मेन स्विच पाडलेला नसेल तर तो करंट उलट्या दिशेनं डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरतो आणि पलीकडं चढून अकरा हजाराच्या तारेत जातो. त्याच वेळी कुणी लाईनमन, लाईन बंद आहे असं समजून, खांबावर बसलेला असतो. जनरेटर लावायचा तर आधी मेन पाडा. शक्यतो बोर्डाला जोडूच नका, लागतील तेवढी उपकरणं थेट त्यालाच लावा.

आणि डीपीवर चढू नका. फ्यूज उडाला, लाईनमन दोन गावं पलीकडं आहे, गहू करपतोय, हे सगळं खरं. तरी लाईन बंद केल्याचं परमिट घेतल्याशिवाय लाईनमनसुद्धा चढत नाही. मग आपण का चढायचं?

3. लाईट गेली की मेन स्विच पाडून ठेवा. वादळात न्यूट्रल तुटला तर लाईट येताना दोनशे तीसच्या जागी चारशेपर्यंत येऊ शकते आणि टीव्ही, फ्रिज, पंखे एका झटक्यात जळतात. शेजारी बल्ब नीट पेटला, हे बघून मगच मेन चढवायचा. शेतातल्या स्टार्टरचा ऑटो स्विचही काढून ठेवायचा. सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर ताण येतो, ती जळते, आणि नवी डीपी येईपर्यंत सगळे पुन्हा कोरडे.

4. लाईटीबरोबर पाणी जातं आणि पीठही जातं. शहरातल्या माणसाला अंधार म्हटला की पंखा आणि टीव्ही आठवतो. गावात नळयोजनेची मोटर बंद पडते, विहिरीवरची बंद पडते, चक्की बंद पडते. 2014 च्या मार्चमध्ये जुन्या आडांवर पोहरे पुन्हा लागले. कित्येक घरांत दोर शोधण्यापासून सुरुवात होती. गावातला हातपंप चालू आहे की नाही ते उन्हाळ्याची वाट न बघता जानेवारीतच बघून ठेवावं. डिझेल इंजिनवर चालणारी एखादी चक्की पंचक्रोशीत कुठं आहे, हेही ठाऊक असावं. घरात आठवड्याचं पीठ जास्तीचं असलं तर त्या दिवसांत बायकांचा जीव अर्धा हलका होतो.

इन्सुलिन घेणारा माणूस घरात असेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत नीट बंद करून माठात थंड जागी ठेवायची. आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज वारंवार उघडला नाही तर बराच वेळ थंडावा धरतो, म्हणून त्या दिवसांत तिथं विनाकारण गर्दी करू नये.

5. खांब गावानंच उभे करावे लागतात. वीज कंपनीकडं माणसं मोजकी, पडलेले खांब शेकड्यांनी, आणि ओल्या काळ्या रानात कुठलंही वाहन शिरत नाही. ट्रॅक्टरही मधेच फसतो. आमच्याकडं सिमेंटचा खांब ट्रॉलीतून बांधापर्यंत आणला. पुढं दोरखंड बांधून माणसांनीच ओढत नेला. चपला चिखलात रुतून राहिल्या, तेव्हा सगळेच अनवाणी झाले. पहारीनं खड्डा खणला की खालून पाणी झिरपायचं. मग घमेल्यानं पाणी उपसायचं, पुन्हा खणायचं. तळाशी दगड घातल्याशिवाय खांब ताठ उभा राहीना. लाईनमन वरून ओरडायचा, “ताण धरा, ताण सोडू नका,” आणि खाली म्हातारी माणसंसुद्धा ताणाची तार मुठीत आवळून उभी. ज्या गावांनी असा हात लावला, तिथं लाईट आधी आली. नुसता मोर्चा नेणाऱ्या गावांत उशिरा आली. मोर्चा काढू नये असं माझं म्हणणं नाही. पण लाईनमन हा आपल्यासारखाच कुणा शेतकऱ्याचा पोरगा असतो. त्याला शिव्या देण्यापेक्षा चार माणसं, दोर आणि भाकरी दिली तर काम लवकर होतं.

6. जनावर आधी कोरडं करा, मग चारा टाका. गारांनी झोडपलेली म्हैस थरथर कापत असते. सुक्या पोत्यानं अंग पुसायचं, पाठीवर गोणपाट बांधायचं, कोमट पाण्यात गूळ घालून पाजायचा. करडं आणि वासरं भिजलेली राहिली की त्यांना न्यूमोनिया धरतो, त्यांना घरात घ्यायला लाजू नका. भिजलेला कडबा उन्हात पसरून सुकवावा, बुरशी आलेला टाकून द्यावा. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना अवकाळी पावसानंतर कोवळे फुटवे येतात. हिरवं दिसतं म्हणून जनावर तिकडं सोडू नका. त्या कोवळ्या पोंग्यात विष असतं, आणि डॉक्टर येईपर्यंत जनावर राहत नाही. दगावलेलं जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला झाल्याशिवाय पुरायचं नाही. दाखला नसेल तर मदत मिळत नाही.

7. गारा पडून गेल्यावरची रात्र थंड असते. परभणीची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. डिसेंबर 2018 च्या अखेरीस कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा 2 अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री केळी आणि भाजीपाला वाचवायला संध्याकाळी पाणी द्यावं लागतं, म्हणजे पुन्हा थ्री फेज लाईट लागते. ती नसेल तर बांधावर पालापाचोळ्याचा धूर करायचा, एवढंच हातात उरतं.

पण घरात शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून झोपू नका. कोळशाच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, माणूस झोपेतच जातो. जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्यूबेक भागात गोठणारा पाऊस दिवसांमागून दिवस पडला. बर्फाच्या ओझ्यानं विजेचे मोठमोठे मनोरे कोसळले आणि लाखो घरं अंधारात गेली. तिथंही काही माणसं ऊब मिळवण्याच्या खटपटीत याच वायूनं गेली. इतका श्रीमंत देश, पण अंधारात माणूस तीच धडपड करतो. शेकोटी बाहेर अंगणात, आत फक्त गोधड्या.

8. पिकाचं काय करायचं ते दोन दिवस थांबून ठरवा. आडवा झालेला गहू लगेच उपटू नये, दाणा भरला असेल तर काही हाती लागतं. हरभऱ्याचे घाटे गळाले असतील तर वेचायला घरची सगळी माणसं लागतात आणि मजुरी परवडत नाही, हिशेब करूनच उतरावं. मोसंबीच्या, आंब्याच्या मोडलेल्या फांद्या करवतीनं नीट कापून जखमेला बोर्डो पेस्ट लावावी. हळद वाळत घालायचा खळा उंचावर करावा आणि ताडपत्री खळ्यावरच ठेवावी. घरात ठेवलेली ताडपत्री वेळेवर पोचत नाही.

9. गारा वितळायच्या आत फोटो काढा. 2014 मध्ये पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येईपर्यंत ऊन पडलं होतं. त्यात 5 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, निर्णय लांबले. नंतर मदत जाहीर झाली: जिरायतीला हेक्टरी 10 हजार, बागायतीला 15 हजार, फळबागेला 25 हजार रुपये. तेव्हा निम्म्याहून जास्त नुकसान दिसलं तरच नाव यादीत चढायचं. 2015 पासून ही अट 33 टक्क्यांवर आली, हे चांगलं झालं. आता ई-पीक पाहणीत पीक नोंदलेलं नसेल तर सातबाऱ्यावर ते दिसत नाही, आणि जे कागदावर नाही त्याची भरपाई मागता येत नाही. पीक विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात. ते पेरणीच्या वेळीच कृषी सहायकाला विचारून घ्या.

मोबाईलला चार्जिंग नसतं, टॉवरचं डिझेल संपलं की रेंजही जाते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्जर लावता येतो, ती सोय आधीच करून ठेवावी.

10. गप्प झालेल्या माणसाजवळ जाऊन बसा. ओरडणारा, सरकारला शिव्या देणारा माणूस मला धोक्यात वाटत नाही. जो वावराकडं जायचंच बंद करतो, जेवणाच्या ताटावरून उठतो, देण्याघेण्याची भाषा अचानक थांबवतो, त्याची काळजी करा. अंधाऱ्या घरात संध्याकाळ फार लांब असते. 2014 च्या त्या महिन्यात गारपिटीनं सगळं गेल्यावर मराठवाड्यात शेतकऱ्यांनी जीव दिले. त्या संध्याकाळी आम्ही मारुतीच्या पारावर एक कंदील लावून बसायचो. ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याचं जेवण तिथंच व्हायचं. त्याच उजेडात दहावीची पोरं अभ्यासाला बसायची, परीक्षा डोक्यावर होती. सल्ला कुणी द्यायचा नाही, एवढंच ठरलेलं होतं. आता मानसिक आधारासाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरातल्या कॅलेंडरवर तो लिहून ठेवा.

11. शेवटचं बटईदाराबद्दल. आमच्या भागात कितीतरी जमीन बटईनं किंवा ठोक्यानं कसली जाते. बी, खत, मजुरी कसणाऱ्याची. सातबारा मालकाचा. गारपीट झाली की कष्ट बुडतात कसणाऱ्याचे आणि मदत जमा होते मालकाच्या खात्यात. काही मालक ते पैसे वाटून देतात, काही देत नाहीत. कित्येक बटईदार बायका आहेत, नवरा गेलेल्या, ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. पंचनाम्याच्या दिवशी त्या बांधावर उभ्या असतात, पण सही मालकाची होते. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर परभणी, पुणे, संभाजीनगरात राहून गावची जमीन बटईनं देणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पेरणीच्या वेळीच साध्या कागदावर लिहून द्या की नुकसानीची मदत आली तर कसणाऱ्याचा वाटा किती. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि त्याची एक प्रत कसणाऱ्याच्या घरी राहू द्या.