सरकारी वकिलाचें खरें यश

सरकारी वकील म्हणजे आरोपीस शिक्षा देवविणारा अधिकारी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें अमेरिकेच्या उदाहरणावरून पाहूं.

त्या देशांत प्रत्येक राज्याचे कायदे निराळे व सर्व संघराज्याचे निराळे. संघराज्याच्या न्यायासाठीं देशाचे ९४ विभाग केले असून त्यांवर ९३ मुख्य सरकारी वकील असतात. ग्वाम व उत्तर मारियाना बेटें यांस मिळून एकच. हें पद १७८९ च्या कायद्यानें निर्माण झालें. राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीनें चार वर्षांसाठीं ही नेमणूक करतात.

तपासाचे कागद पाहून कोणावर खटला भरावा, हें या वकिलाची कचेरी ठरविते. परंतु गंभीर गुन्ह्याचा पुरावा सामान्यतः प्रथम १६ ते २३ नागरिकांच्या ज्यूरीपुढें मांडावा लागतो. निदान १२ जणांस तो पटला, तरच आरोप ठेवतां येतो.

खोट्या नोटांच्या एका खटल्यांत सरकारी वकिलानें साक्षीदारांनीं न उच्चारलेलीं वाक्यें त्यांच्या तोंडीं घातलीं. १९३५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली, व सरकारचें हित खटला जिंकण्यांत नसून न्याय होण्यांत आहे, असें बजाविलें. आरोपीस उपकारक असा महत्त्वाचा पुरावा सरकारनें दडवूं नये, असाहि निर्णय १९६३ सालीं झाला.

विद्यार्थिमित्रहो, वर्गनायक म्हणून एखाद्याचें नांव आपण फळ्यावर लिहितों, तेव्हां त्याच्या बाजूचें जें आपणांस ठाऊक असतें, तेंहि गुरुजींस सांगतों काय?